मुक्ताचा तिसरा प्रश्न

७ एप्रिल ९५, शुक्रवार
चैत्रगौरीचं हळदीकुंकू पार पडलं. पायांचे तुकडे पडलेत, तरी लिहायला बसले. सुमन, आमची सूनबाई, म्हणत होती यंदा थोडक्यात करू. थोडक्यात कसं करतात ते मला या वयात कोण शिकवणार. कैऱ्या अजून एवढ्याशाच, पण आंबट अशा की वाटली डाळ झकास झाली. पन्ह्यात गूळ कमी पडला. तोंडावर कुणी बोललं नाही, पण दुसरा पेला कुणी मागेना, त्यावरून कळलं. गौर काय सुरेख दिसत होती.
समोरच्या गोदूताई सकाळपासून मदतीला. गौरीपुढे गाणी ऐन रंगात आलेली, तेवढ्यात जिन्याखालून हाक, "माताजी! सर्वे है!" आतल्या बायका एकदम चिडीचूप. परका पुरुष. पन्नाशीचा, घामाघूम, हातात फळीला लावलेले कागद. नाव पांडेजी. मला विचारतो, "घर में कोई गाता-बजाता है? संगीत का शौक?" मी म्हटलं, "नहीं भैया, हमारे यहाँ कोई नहीं गाता." गोदूताई माझ्या पाठीमागून, "हमारे यहाँ भी नहीं." लिहून घेतलं बिचाऱ्याने. पन्हं दिलं तर दोन पेले प्यायला. तेवढा एकच.
गेल्यावर मग पुन्हा सुरू. उरलेली पाचही गाणी म्हटली. गल्लीतल्या कमलवहिनींचा आवाज बसला.

८ एप्रिल, शनिवार
मुक्ता लखनौहून आली. माझी नात. एम.एस्सी. झाली, आकडेशास्त्रात, आणि इथल्या युनिव्हर्सिटीतल्या सरांच्या हाताखाली लागली. आल्या आल्या उरलेली डाळ संपवली, मग काम सांगत बसली. मला सगळं कळलं असं नाही, पण ती सांगते तेव्हा डोळे असे चमकतात की मी ऐकतेच.
सरकारने योजना काढली आहे. गल्ल्यांमधून गाणंबजावणं टिकावं म्हणून लहान लहान वर्गांना मदत द्यायची. आता मदत दिली तर तिचा उपयोग झाला का, हे मोजायचं कसं? ते मुक्ताने शोधायचं. म्हटलं, "संस्कृतीला ताप आलाय का ते बघायचं म्हण की." तर म्हणाली, "तसंच आजी. पण या तापाचं थर्मामीटरच अजून कुणी केलेलं नाही. ते मी करायचं."
आमच्या घराण्यात थर्मामीटर करणारी ही पहिलीच. हे असते तर सगळ्या घाटभर सांगत फिरले असते. आता ते काम माझ्याकडे.

१९ एप्रिल, बुधवार
माकडांनी गच्चीवरचे पापड नेले. निम्मेच नेले, म्हणजे आवडले नसावेत. सुमनच्या हातचे होते. बोलले नाही.
दु. गोदूताई आल्या. चेहरा उतरलेला. बालाजी घाटाजवळ धर्मशाळेच्या वरच्या कमऱ्यात शारदाजींचा वर्ग चालतो. शारदाजी इथल्याच, शाळेतून रिटायर झालेल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी सं. बायका-मुली जमतात. हा वर्ग त्याच सरकारी मदतीवर चालतो हे मला आजच कळलं. मदत सप्टेंबरअखेरपर्यंत आहे. ज्या भागात उपयोग दिसणार नाही तिथली बंद, असं शारदाजींना सांगितलंय.
गोदूताईंचा श्रीपाद पुण्याला नोकरीला गेला तेव्हापासून ही बाई खिडकीत बसून असायची. हाक मारली तर "हं" म्हणायची, बस. गेल्या वर्षी कुणीतरी ओढून वर्गाला नेलं. आता येताना गुणगुणत येते, भाजीवाल्याशी भांडते. भांडायला लागली तेव्हाच मी म्हटलं, सुधारली.
त्यांना म्हटलं, "घाबरू नका, मोजणारी आपल्याच घरची आहे." केवढ्या ऐटीत म्हटलं!

२ मे, मंगळवार
अक्षय्य तृतीया. गौर उठवली. आमरस. मुक्ता जेवली नाही नीट. आमरसाला नाही म्हणाली म्हणजे काहीतरी बिनसलंच.
खोदून विचारलं. म्हणाली, पहिली पाहणी आली. सगळ्या शहरात थोडं थोडं काही दिसतंय, आणि आपल्या मराठी गल्ल्यांमध्ये शून्य. म्हणजे एकाही घरात कुणी गात नाही. शारदाजींचा वर्ग आपल्याच भागात. सर म्हणाले, "इथे मदतीचा काहीच उपयोग झालेला दिसत नाही."
मी म्हटलं, काहीतरी चुकलंय, कोण मेला असं सांगून गेला? ती म्हणाली, "आजी, घरोघर जाऊन विचारलंय."
सर्वेवाले येतात हो, कधी मतदारयादी, कधी मलेरिया. पण गाण्याचं... हातातली वाटी तशीच राहिली. उद्या सांगेन.

३ मे, बुधवार
सांगायची वेळच आली नाही. स. देव्हाऱ्यापुढे भूपाळी म्हणत होते, रोजच्यासारखी. मुक्ता दात घासता घासता येऊन उभी राहिली. तोंडात फेस. ऐकत राहिली. मग म्हणाली, "आजी, तुला कुणी विचारायला आलं होतं का गं?"
म्हटलं, "आला होता एक पांडेजी. हळदीकुंकवाच्या दिवशी."
"काय सांगितलंस?"
"कोणी गात नाही म्हणून."
"आणि हे काय चाललंय?"
"हे? हे देवाचं आहे. हे काय गाणं आहे?"
मुक्ता तिथेच खाली बसली आणि हसायला लागली. फेस सगळा फरशीवर. सुमन ओरडली. मलाही हसू यायला लागलं. आमच्या लहानपणी गाणं म्हणजे बैठकीतलं. घरंदाज बायका आरत्या म्हणतात, भजनं म्हणतात, पाळणे म्हणतात, गात नाहीत. परक्या पुरुषाला "हो, आम्ही गातो" असं कोण सांगेल? गल्लीत सगळ्यांनी हेच सांगितलं असणार. गोदूताई तर वर्गाला जातात तरी नाही म्हणाल्या.
गोदूताईंना हाक मारून विचारलं. खिडकीतूनच म्हणाल्या, "इंदूताई, तिथे आम्ही भजनं शिकतो. गाणं कुठे शिकतो?"
मुक्ता म्हणाली, चूक तुमची नाही, प्रश्नाची आहे. आणि दुसरी चूक म्हणजे आपलं घर पाहणीत आलंच कसं, मोजणाऱ्याचं घर मोजायचं नसतं. ते पांडेजींना सांगून काढून टाकलं. हे मला जरा लागलं. पण असो.

१२ मे, शुक्रवार
ऊन असं की गंगेकडे बघवत नाही. बिजली सकाळपासून नाही.
दुसरा प्रश्न तयार झाला. आता गाणं हा शब्दच काढून टाकला. 'गेल्या आठवड्यात तुम्ही मोठ्याने काय काय म्हटलंत? आरती, भजन, स्तोत्र, पाळणा, काहीही.' पांडेजी पुन्हा दारोदार. आमच्या दारावरून हात जोडून पुढे गेले. बायका सांगायला लागल्या की थांबेचनात म्हणे. कमलवहिनींनी तर सगळी एकवीस कडव्यांची आरती म्हणूनच दाखवली, आणि पांडेजी उन्हात उभे. शेवटी मीच सुमनला पन्हं घेऊन पाठवलं. या वेळी गूळ बेताने नाही, सढळ हाताने.
गोदूताई म्हणाल्या, "आता तर वाचलोच." मीही तेच म्हटलं.

३० मे, मंगळवार
वाचलो कुठले.
मुक्ता रडवेली. आता सगळीकडे 'हो' आलं. वर्ग असलेल्या गल्लीत हो, वर्ग नसलेल्या गल्लीत हो. संकठा घाटाकडे कुठलाच वर्ग नाही, तिथेही हो. मी म्हटलं, "मग उत्तम! सगळे म्हणतात. लिहून टाक आणि पाठव."
"आजी, काट्यावर लहान मूल ठेवलं आणि पांडेजींना ठेवलं, आणि दोघांचं वजन सारखंच आलं, तर काय म्हणशील?"
"काटा बिघडला."
"मग? मदत दिली तिथेही तेवढंच, नाही दिली तिथेही तेवढंच. उद्या साहेब म्हणतील, मग मदत द्यायची कशाला?"
मी म्हटलं, ते साहेबांना कशाला सांगायचं. संकठा घाटाचं नको दाखवूस. आपल्या गल्लीचंच दाखव. गोदूताईंकडे बघ जरा.
तर माझ्याकडे असं बघितलं. म्हणाली, "एकदा खोटं लिहिलं की पुढे खरं लिहिलं तरी कोण मानेल? आणि गोदूआजीचा वर्ग खरंच कामाचा असला तर तो खरेपणानेच दिसला पाहिजे."
मी म्हटलं, खूप शिकलीस. वाईट म्हणाले. जेवण होईपर्यंत कुणी कुणाशी बोललं नाही. कढी छान झाली होती, तीही कुणाला सांगता आली नाही.

४ जून, रविवार
आज बोललो. तीच आली माझ्याजवळ, मी निवडत होते तांदूळ, तीही खडे काढायला बसली. तिला खडे दिसत नाहीत, चष्मा असून. उगाच विचारायला लागली, "आजी, तुला येतात ती गाणी, बरं, गाणी नाही, जे काही म्हणतेस ते, कुणाकडून शिकलीस?"
सांगत बसले. भूपाळी आईकडून. पाळणा सासूबाईंकडून, त्यांना एक कडवं कधीच आठवायचं नाही, ते मला अजूनही येत नाही. शेजआरती मावशीकडून. एक भजन गोदूताईंकडून, त्या नवी नवरी होऊन आल्या तेव्हाचं, सज्ज्यातून सज्ज्यात शिकवलं होतं, मध्ये गल्ली, खाली गाई.
"आणि त्यानंतर?"
"त्यानंतर काय?"
"त्यानंतर नवीन काय शिकलीस? घराबाहेरच्या कुणाकडून?"
आठवलं. खूप आठवलं. काही नाही. श्रीपाद, आमचा वसंता, ही सगळी मुलं लहान होती तेव्हाच माझं थांबलं की. आहे तेच म्हणत राहिले. मला कधी जाणवलंच नव्हतं.
मुक्ताचा हात तांदळात तसाच. म्हणाली, "आजी, हाच प्रश्न." आणि उठून धावली. सगळे खडे पुन्हा तांदळात.
तिसरा प्रश्न असा: 'या वर्षात, घराबाहेरच्या कुणाकडून, नवीन काय म्हणायला शिकलात?' जिथे जुनं नुसतं शिल्लक आहे आणि जिथे ते एकाकडून दुसऱ्याकडे चाललंय, त्यातला फरक यात दिसेल म्हणते. दिसेल किंवा नाही दिसणार. नाही दिसला तरी तेच लिहीन, म्हणाली. मी या वेळी वाद न घालता पुन्हा खडे वेचायला घेतले.

१५ जुलै, शनिवार
इथल्यांचा सावन लागला, आपला श्रावण अजून पंधरवड्याने. दोन्हीकडचे उपास धरले तर जेवायचं कधी, असं हे म्हणायचे. आणि दोन्हीकडचं गोडधोड मात्र खायचे.
पांडेजी तिसऱ्यांदा गल्लीत. गल्लीतली कुत्रीही आता भुंकत नाहीत त्यांच्यावर. या वेळी प्रश्न ऐकून बायका लगेच हो म्हणत नाहीत, विचार करतात. मी सज्ज्यातून बघते. मुक्ताची सक्त ताकीद, कुणाला काही सुचवायचं नाही. ओठ आवळून बसले. सोपं आहे का ते माझ्यासारखीला?
काल सं. गोदूताई वर्गातून आल्या. शारदाजींनी कजरी घेतली, इकडची, पावसातली. मराठी गळ्यांवर इकडचा हेल चढता चढेना म्हणे, सगळ्या हसून हसून दमल्या. गोदूताई सज्ज्यात उभ्या राहून गुणगुणत होत्या. मी म्हटलं, "ती शेवटची ओळ पुन्हा म्हणा बरं."
"का?"
"अहो, म्हणा तर."
म्हटली. मी म्हटली. चुकले. पुन्हा म्हटली. खालून दूधवाला बघत राहिला. माझे गुडघे वर्गाचा जिना चढू देत नाहीत, पण सज्जा काय, घरचाच आहे.

२ ऑगस्ट, बुधवार
मला आता कजरी अर्धीअधिक येते. पण विचारायला कुणी येतच नाही! आमचं घर वगळलेलं. मुक्ताला म्हटलं, "अगं, मी शिकले ना नवीन. घराबाहेरच्या बाईकडून. मला धर."
"नाही धरता येत आजी."
"वर्गाचाच उपयोग झाला की हा. वर्गात न जाता झाला."
"मला कळतंय. तरी नाही." आणि मग गळ्यात हात टाकून म्हणाली, "पण मला आनंद झाला हे लिहायला रकाना नाही, म्हणून तुला सांगते."
पाहणीचं काम संपत आलंय. आपल्या गल्लीत काही बायकांनी सांगितलं, नवीन शिकलो. सगळ्या नाही. त्यातल्या काही तर वर्गात कधी गेलेल्याही नाहीत, शेजारणीकडून शिकल्या. माझ्यासारख्याच. संकठा घाटाकडेही एखाददुसरी निघाली, कारण गाणं काही गल्लीची हद्द बघत नाही. पण फरक आहे. थोडा आहे. मुक्ता म्हणते, थोडा आहे म्हणूनच माझा विश्वास बसतोय.

२२ ऑगस्ट, मंगळवार
आज लखनौहून आलेल्या साहेबांपुढे वाचायचं होतं. मुक्ता माझी जांभळी साडी नेसली. तिच्या हातावर दही घातलं. ती गेल्यावर मी आणि गोदूताई उगीचच मुगाच्या वड्या घालत बसलो. ढग होते, तरी घातल्या. हात रिकामे ठेववेनात.
गोदूताई एकदम म्हणाल्या, "नाही मिळाली मदत तर माझं काय हो, इंदूताई?" मी म्हटलं, वड्या जवळजवळ घालू नका, चिकटतील.
मुक्ता चारच्या सुमाराला आली. साहेब म्हणाले म्हणे, "इसमें तबले कितने, हारमोनियम कितने, यह तो है ही नहीं." त्यांना वाद्यं मोजायची होती. मुक्ताने सांगितलं, वाद्य कपाटात बंद असलं तरी मोजणीत येतं. मग दुसरे एक साहेब म्हणाले, बायका सांगतात त्यावर विश्वास काय? तर मुक्ताने पहिल्या पाहणीची गोष्ट सांगितली, आमची, शून्याची. सगळी खोली हसली. माझं नाव नाही घेतलं, 'एक वृद्ध महिला' म्हणाली. वृद्ध! ते एक राहू दे.
शेवटी मोठ्या साहेबांनी तिसरा प्रश्न एका साध्या कागदावर लिहून मागितला आणि खिशात ठेवला. म्हणाले, "सोचेंगे." इतर शहरांतही विचारून बघता येईल का, असंही विचारलं. सर खूश आहेत. मुक्ता म्हणते, हो नाही म्हटलं, पण नाहीही नाही म्हटलं.

१५ सप्टेंबर, शुक्रवार
पांडेजी आले होते. कामावर नाही, असेच, दर्शनाला आले होते पंचगंगेकडे, दम लागला म्हणून आमच्या पायरीवर टेकले. मी आत वाती वळत कजरी म्हणत होते. बाहेरून आवाज, "माताजी, यह टेक ऐसे नहीं जाती."
"तो कैसे जाती है?"
मिर्झापूरकडचे निघाले. म्हणाले, अम्मा म्हणायची शेतात. आणि हळूच म्हणून दाखवली. डोळे मिटून, हात मांडीवर. कसला गोड गळा हो! इतके महिने हा माणूस आमच्या गल्लीत गाणं विचारत फिरला, त्याला कुणी विचारलंच नाही. मी विचारलं, अजून गाता का, तर लाजले. "हमको तो टाइम ही नहीं मिला, माताजी."
त्यांची टेक, म्हणजे ध्रुवपद, जास्त चांगली आहे. गोदूताईंना सांगितलं तर फणकारल्या, "शारदाजींनी शिकवली तीच बरोबर." मग गुपचूप माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतली.
लखनौहून पत्र नाही.

६ ऑक्टोबर, शुक्रवार
दसरा झाला. सप्टेंबर संपला, म्हणजे मदतही संपली. पत्र आलेलं नाही. मुक्ता दर दोन दिवसांनी सरांना विचारते, सर लखनौला फोन करतात, तिकडून सांगतात फाइल साहेबांच्या टेबलावर आहे. मुक्ता म्हणते, टेबलावर आहे म्हणजे कपाटात नाही. हिच्यासारखी आशावादी मुलगी... माझ्यावरच गेली.
गोदूताई दु. पासून घालमेलीत. जाऊ का नको, कुलूप असलं तर? मी म्हटलं, चला, मीही येते. सुमन म्हणाली, "आई, गुडघे?" म्हटलं, वर चढताना एक हात तुझ्या खांद्यावर, एक गोदूताईंच्या. तिघी निघालो. जिन्यावर तीनदा बसले. वर पोचले तेव्हा असा घाम, पण खिडकीतून गंगा अशी समोर की मी मिनिटभर बोललेच नाही. सुमन म्हणाली, बरं वाटत नाहीय का?
कमरा उघडा होता. सतरंजी घातलेली. शारदाजी पेटीशी बसलेल्या. गोदूताईंनी दारातूनच विचारलं, "चिट्ठी?"
"नहीं आई," शारदाजी म्हणाल्या. "बंद करने की भी नहीं आई. बैठिए."
बसलो. माझ्यासाठी भिंतीशी पाट दिला. आमच्या कमलवहिनी, संकठा घाटाकडच्या दोघी नव्या, त्या कशा आल्या कोण जाणे, आणि आम्ही. शारदाजींनी नवीन काहीतरी सुरू केलं, मी कधीच न ऐकलेलं. चाल वळणावळणाची, मला सारखी निसटत होती. सुमनला पटकन आली, बघतच राहिले तिच्याकडे. आज पहिलीच ओळ झाली. दुसरी मंगळवारी.